रात्री कूस कोण बदलणार? (वृद्धाश्रम आणि अंथरुणाला खिळलेली माणसं)

तुरीच्या_शेंगा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावाबाहेरच्या वृद्धाश्रमाचं रोजचं काम मी बघते. ट्रस्टचा आहे, फार मोठा नाही. बावीस जण राहतात. त्यातल्या पाच जणांना स्वतःहून कूस बदलता येत नाही. दोघांना अर्धांग आहे. एका आजींचा खुबा मोडलाय आणि वयामुळे ऑपरेशन केलेलं नाही. एक पार्किन्सनचे बाबा आहेत. आणि एक आजी नुसत्या पडून राहून आखडून गेल्यात, गुडघे पोटाशी आलेत ते सरळच होत नाहीत.

मध्यंतरी तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं, पाचही जणांची दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर एकाच जागी दाब पडून जखमा (बेडसोर) होतील, आणि भिंतीवर तक्ता लावा. तक्ता लागला. रात्रपाळीला मावशी एकच. सकाळी बघावं तर रात्री दहापासून सहापर्यंतच्या सगळ्या खुणा एकाच तिरक्या हाताच्या, एका दमात मारलेल्या. मी त्यांना काही बोलले नाही. पन्नाशीच्या बाईनं एकटीनं सत्तर किलोचे बाबा रात्रीतून चार-पाचदा वळवावेत, हे कुठल्या तोंडानं सांगू?

त्यात आखडलेल्या आजी. रात्री हात लावला की ओरडतात, "मले झोपू द्या वं! मेल्यावर करजा काय उलटंसुलटं करायचं ते." शेजारच्या दोघी-तिघी जाग्या होतात ते वेगळंच.

माझं मत असं की सगळ्यांना एकच दोन तासांचा नियम हा कागद भरण्यापुरता आहे. ज्यांना खरी गरज आहे त्यांची कूस नीट बदलावी, बाकीच्यांना झोपू द्यावं. हे मत बरोबर आहे की नुसतं सोयीचं, ते अनुभवी लोकांनी सांगा. हाताशी काय आहे तेही लिहिते: कापसाच्या गाद्या, लोखंडी पलंग (डोक्याकडून वर होणारे दोनच), एक व्हीलचेअर, देणगीत आलेला एक एअर बेड. आणि वीज येऊन-जाऊन.

टपरीवर_भेटू

ताई, तक्ता सकाळी एका दमात भरनं हे तं सगळ्याच हापिसात चालते. मावशीले कायले बोलता. बाकी बुढी खरं बोलून रायली. झोप मोडली तं म्या बी शिव्याच देतो.

फिजिओ_वर्धा

मी घरोघरी जाऊन पेशंट बघते, देवळी-पुलगाव भागात. किती तासांनी वळवायचं यावर इथं वाद होणारच आहे, त्याआधी कसं वळवायचं ते लिहिते. बहुतेक घरी वळवतात, पण चुकीचं वळवतात.

कूस बदलायची म्हणजे माणूस पूर्ण आडवा कुशीवर टाकायचा असा समज आहे. तसं केलं की सगळं वजन खुब्याच्या टोकावर आणि घोट्यावर येतं. माकडहाडाची जखम टाळायला जायचं आणि खुब्याला करून घ्यायची. ३० अंश पुरे असतात. पाठीमागे लांबट लोड असा सरकवायचा की माणूस धड उताणा नाही, धड कुशीवर नाही; वजन ढुंगणाच्या मांसल भागावर यावं. मग आपला तळहात माकडहाडाखाली घालून बघायचा. हात मोकळा फिरला पाहिजे. नाही फिरला तर लोड अजून आत. खालचा खांदा थोडा पुढे काढून घ्या, नाहीतर माणूस स्वतःच्याच दंडावर झोपतो. गुडघ्यांमध्ये उशी. आणि टाचा गादीला टेकता कामा नयेत: पोटरीखाली लांबीनं उशी ठेवायची, टाच उशीच्या बाहेर अधांतरी.

एकटीनं वळवायचं असेल तर ज्या कुशीवर वळवायचंय त्या बाजूला उभं राहा. पलीकडचा हात छातीवर घ्या. पलीकडचा गुडघा उभा करून पाऊल गादीवर टेकवा. आता एक हात त्या गुडघ्याच्या बाहेरून, एक खांद्यामागे. गुडघा आपल्याकडे आणला की अख्खं अंग त्याच्यामागे येतं, जोर फारसा लागत नाही. सत्तर किलोचे बाबा असे वळतात. पण त्यांना उशीकडे वर सरकवायचं असेल तर एकटीनं अजिबात नाही. तिथं दोन माणसं आणि अंगाखाली आडवं कापड हवंच. जुनं सुती लुगडं चौघडी करून खांद्यापासून मांडीपर्यंत अंथरून ठेवा. दोघींनी दोन्हीकडच्या कडा गुंडाळून मुठीत धरायच्या आणि उचलून सरकवायचं. काखेत हात घालून ओढलं की कातडी चादरीला धरून राहते आणि आतलं हाड पुढे जातं. नुकसान आत होतं, वरून दिसायला दोन-चार दिवस लागतात.

खुबा मोडलेल्या आजींना ही गुडघ्याची रीत चालणार नाही. त्यांना दोघींनी, पायांमध्ये उशी ठेवून, सगळं अंग एकदम वळवायचं. कोणत्या कुशीवर चालेल हे हाडाच्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

रिटायर्ड_सिस्टर

सरकारी दवाखान्यात नोकरी केली, आता अमरावतीला असते. तुरीताई, स्पष्ट सांगते, तुमचं मत सोयीचं आहे.

दोन तासांचा नियम कुण्या बाबूनं काढलेला नाही. १९४४ मध्ये, महायुद्ध चालू असताना, इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलला लुडविग गुटमान यांनी मणक्याला मार लागलेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू केला. तोवर अशी माणसं पाठीच्या जखमा चिघळून नाहीतर लघवीच्या संसर्गानं जायची आणि त्यात कुणाला नवल वाटत नसे. गुटमान यांनी रात्रंदिवस दर दोन तासांनी वळवण्याची शिस्त लावली आणि माणसं जगायला लागली. घड्याळ काढून टाकलं की "गरज वाटली तर वळवू" सुरू होतं, आणि रात्री तीन वाजता ती गरज कुणालाच वाटत नाही.

नुसतं घड्याळ पुरत नाही हेही खरं. प्रत्येक वळवणीला कातडी बघायची. लाल जागेवर बोट दाबून सोडा. पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर अजून हातात आहे. दाबूनही लालच राहिली तर ती बेडसोरची पहिली पायरी, त्या जागेवर आता भार नको. पण ही पुस्तकातली खूण गोऱ्या कातडीची आहे. आपल्या सावळ्या माणसांत लाली दिसतच नाही. जागा जांभळट किंवा काळपट होते, आजूबाजूपेक्षा गरम लागते नाहीतर गार, कडक लागते नाहीतर लिबलिबीत. म्हणून हाताच्या पालथ्या बाजूनं चाचपून बघायचं, आणि तेही उजेडात. झिरोच्या बल्बमध्ये काही कळत नाही.

अंकगणित

सिस्टर, आदर राखून बोलतो. गुटमान यांच्या काळी आजच्या फोमच्या गाद्या नव्हत्या. २०१३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या २७ नर्सिंग होममधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नऊशेच्या वर वृद्ध, सगळे उच्च घनतेच्या फोमच्या गादीवर. कुणाला २ तासांनी, कुणाला ३, कुणाला ४ तासांनी वळवायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. तीन आठवड्यांनी पाहिलं तर जखमा होण्यात तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. त्यानंतरच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही सगळ्यांना तासांचं एकच माप लावत नाहीत. माणूस किती हलतो, कातडी कशी आहे, गादी कोणती आहे, यावरून ठरवा म्हणतात. म्हणजे ताईंचं मत अगदीच सोयीचं नाही.

रिटायर्ड_सिस्टर

अंकगणित, तो अभ्यास मलाही माहीत आहे. ज्यांची जोखीम अगदी टोकाची होती ते त्यात घेतलेलेच नव्हते. आधीपासून जखम असलेलेही नव्हते. आणि गादी फोमची होती, कापसाची नाही. फोम आणा, मग चार तासांचं बोलू.

टपरीवर_भेटू

म्हंजे अमेरिकेची बुढी चार तास झोपन आन आपली बुढी दोनच. इथं बी असमानता!

अकोल्याचा_उन्हाळा

आमच्या मायला लकवा झाला तेव्हापासून मी आणि माझी बायको घरीच करतो. एअर बेडबद्दल लिहितो, कारण तो आणला की लोक निवांत होतात.

पंप पलंगाच्या पायथ्याशी टांगलेला असतो, घुरघुर करत राहतो. गादीचे फुगे आळीपाळीनं भरतात आणि सुटतात, त्यामुळे एकाच जागी सतत दाब राहत नाही. तत्त्व चांगलं आहे. पण लाइन गेली की काही वेळात हवा उतरते आणि माणूस खालच्या फळीवर आलेला असतो. मे महिन्यात दुपारी लाइन किती वेळ जाते ते अकोलेकरांना सांगायला नको. आम्ही पंपापुरता छोटा इन्व्हर्टर घेतला. त्याआधी लाइन गेली की पहिलं काम मायला दुसऱ्या कुशीवर करणं, पंखा मग.

दुसरं, एअर बेडवर लोक दोन गोधड्या, त्यावर मेणकापड, त्यावर चादर असं रचतात. मग खालच्या फुग्यांचा उपयोग काय? एक पातळ सुती चादर, बस. आणि हवा पुरेशी आहे का हे रोज बघा: गादीखाली, बरोबर ढुंगणाच्या खाली, तळहात घालायचा. वरून हाड हाताला लागलं तर गादी असून नसल्यासारखी.

कूस मात्र एअर बेडवरही बदलावीच लागते.

पांढरकवडा_लोकल

मेणकापडाचं खरं आहे. आमच्याकडं ४५ च्या वर पारा जातो तेव्हा त्या रेक्झिनवर माणूस अक्षरशः शिजतो. घाम, लघवी, पावडर सगळं मिळून चिखल. ओली कातडी लवकर सोलवटते. आम्ही मेणकापड फक्त कमरेखाली ठेवतो, वर सुती धोतराची चौघडी. ओलं झालं की तेवढंच बदलायचं. पावडर बंद केली.

विषय निघालाच आहे तर, बाजेवर झोपवलेलं चालतं का? आमचे बाबा पलंगावर झोपायला तयारच नाहीत. नवारीची बाज, तीही जुनी. म्हणतात आयुष्य इथं काढलं.

फिजिओ_वर्धा

@पांढरकवडा, बाबा स्वतः हलत असतील तर बाज वाईट नाही, हवा खेळती राहते. हलत नसतील तर नको. झोळ पडला की माणूस मधल्या खड्ड्यात जातो, तिथून ३० अंश काय, १० अंशही जमत नाहीत. शिवाय बाज बुटकी असते, करणाऱ्याची कंबर जाते. पलंग आपल्या कमरेइतका उंच हवा. नसेल तर निदान एक गुडघा पलंगावर टेकवून काम करा, कंबरेतून वाकून नको. कंबर धरून बसलेल्या मावश्या आणि सुना माझ्याकडं पेशंट म्हणून येतात, त्यांचं कुणी लिहीत नाही.

बुलढाण्याची_पोर

आमच्या आत्याबाई म्हणतात लाल झालेल्या जागी कोमट तेलानं चांगलं रगडायचं, रक्त खेळतं होतं. आणि मेडिकलमध्ये ती हवेची गोल रिंग मिळते, ती ढुंगणाखाली द्यायची. माझ्या सासऱ्यांसाठी दोन्ही चालू आहे. योग्य आहे ना?

रिटायर्ड_सिस्टर

दोन्ही आजच बंद करा. लाल झालेल्या जागेखालच्या रक्तवाहिन्या आधीच चेंगरलेल्या असतात, रगडलं की अजून फुटतात. तेल लावायचं तर बाकी अंगाला, हलक्या हातानं, कोरडेपणा जाण्यापुरतं. आणि रिंगमध्ये मधली जागा मोकळी राहते पण कडेनं गोल दाब पडतो, मधल्या भागाला रक्तच कमी पोचतं. हातमोज्यात पाणी भरून टाचेखाली ठेवतात, तेही नको. आत्याबाईंना माझं नाव सांगा, रागावल्या तर मी बघते.

बुलढाण्याची_पोर

त्यांना नुसतं "सिस्टर म्हणाल्या" सांगते, त्यानं काम होईल 😄

जुनं_ते_सोनं

सगळं वाचलं. पण मूळ प्रश्न कुणी विचारत नाही. आई-बापाला वृद्धाश्रमात टाकायचंच कशाला? आमच्या पिढीत असलं नव्हतं. घरच्या माणसांनी केलं असतं तर तक्ता लागलाच नसता.

तुरीच्या_शेंगा

दादा, आमच्याकडच्या बाविसांपैकी बऱ्याच जणांना घरच नाही. कुणाचा मुलगा गेला, कुणाला मूलच नव्हतं, कुणाचं वावर विकलं गेलं आणि मुलं पुण्याला कंपनीत दोन खोल्यांत राहतात. ज्यांना घर आहे त्यांच्या घरीही दिवसभर सगळे वावरात. सोयाबीनच्या सोंगणीत म्हाताऱ्याची कूस कोण बदलणार होतं? या धाग्यावर हा वाद नको, वेगळा धागा काढा.

टपरीवर_भेटू

आन दादा, "घरच्या मानसांनी" म्हंजे सुनेनं, हे बी लिहा नं सोबत.

वरोरा_नाका

थोडं विषयांतर, पण विदर्भातल्या लोकांना पटेल असं. आपल्याकडं कुष्ठरोगाचं काम जुनं. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये सुरू केलं, नंतर इकडं बाबा आमट्यांचं आनंदवन. कुष्ठरोग्यांच्या तळपायाच्या जखमा रोगानं थेट होत नाहीत, बधिरपणामुळे होतात. आपल्याला एका जागी टोचलं की आपण नकळत पाय हलवतो. त्यांना टोचतच नाही, म्हणून ते त्याच जागेवर चालत राहतात आणि तिथं जखम होते.

अंथरुणावरच्या माणसाचं तेच. आपण झोपेतही रात्रभर चुळबुळ करतो. ज्याला साखरेमुळे बधिरपणा आहे किंवा लकव्यानं एक बाजू गेलीय त्याला दुखतच नाही, आणि ज्याला दुखतं त्याला हलता येत नाही. तुरीताई, तुमची "मले झोपू द्या" म्हणणारी आजी मला त्या मानानं कमी जोखमीची वाटते. तिला कळतंय तरी. न ओरडणारे कोण आहेत तिकडं आधी बघा.

तुरीच्या_शेंगा

हे डोक्यात गेलं. न ओरडणारे म्हणजे अर्धांगाच्या दोघांपैकी एक काका, साखरही आहे. ते कधीच काही मागत नाहीत, त्यामुळे मावशींना ते फार आवडतात.

फिजिओ_वर्धा

मग पहिला नंबर काकांचा. अर्धांगाच्या माणसांबद्दल दोन गोष्टी. गेलेल्या बाजूचा हात धरून कधीही उठवायचं नाही. खांद्याचं सांधणं सैल झालेलं असतं, ओढलं की निखळतो आणि मग तो खांदा कायमचा ठणकतो. आणि गेलेल्या कुशीवर झोपवूच नये असं काही नाही. खांदा नीट पुढे काढून, थोड्या वेळासाठी चालतं. पण तिथं दुखणं कळत नसल्यामुळे त्या बाजूची कातडी जास्त बघायची.

आखडलेल्या आजींचे गुडघे आता जोर लावून सरळ करू नका, हाड मोडेल. जिथं पोकळी आहे तिथं टेकू द्या: गुडघ्यांखाली, दोन मांड्यांमध्ये, कोपराखाली. पाय अधांतरी राहिले की स्नायू अजून ताणून धरतात आणि आखडणं वाढतं. सकाळी कोमट पाण्यानं अंग पुसल्यावर सांधे हलवायचे, हळू, त्या तोंड वाकडं करतील तिथं थांबायचं. मूठ वळलेली असेल तर तळहातात मऊ कापडाची गुंडाळी ठेवा, रोज काढून हात धुवा, नखं कापा.

पार्किन्सनच्या बाबांसाठी एक जुगाड. कमरेच्या जागी चादरीवर गुळगुळीत सिल्कच्या साडीचा रुंद पट्टा अंथरून गादीखाली घट्ट खोचा. पायांकडे मात्र सुती चादरच, म्हणजे टाचेला पकड मिळते. अंगावर जड गोधडी नको. पुष्कळ जण मग स्वतः वळतात. रात्री ते जास्त ताठत असतील तर संध्याकाळच्या गोळीचा असर ओसरत असेल, डॉक्टरांना विचारा.

अंकगणित

आणि दिवसा? सगळी चर्चा रात्रीचीच चाललीय. दिवसभर एका खुर्चीत बसवून ठेवलेला माणूसही एकाच जागेवर दाबलेला असतो. उलट बसल्यावर ढुंगणावर भार जास्त.

फिजिओ_वर्धा

अगदी. एका वेळी तासाभरापेक्षा जास्त नको, आणि मध्ये मध्ये पुढे वाकवून किंवा एकेक बाजू उचलून भार हलका करायचा. कंबर पार मागे टेकलेली, पाय फूटरेस्टवर. अर्धवट घसरून बसलं की माकडहाडच घासतं. पलंगावर डोकं उंच करून ठेवलं तरी तेच घसरणं होतं; म्हणून एरवी ३० अंशांच्या वर नको, जेवताना मात्र नीट बसवा आणि नंतर अर्धा-पाऊण तास तसंच राहू द्या, नाहीतर ठसका लागून अन्न फुप्फुसात जातं.

खुर्चीत घेताना: व्हीलचेअर चांगल्या बाजूला लावा, दोन्ही ब्रेक, फूटरेस्ट वर. आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं पाय सोडून बसू द्या, चक्कर येते. उभं करताना "नाक पायाच्या बोटांवर आणा" म्हणा. माणूस पुढे झुकला की ढुंगण आपोआप उचलतं. आपण सरळ वर ओढत राहतो आणि तो मागे रेलत राहतो, त्यात दोघं पडतात.

फॉर्म_भरून_घ्या

सामानासाठी: राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ ची आहे. ६५ वर्षं पूर्ण, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २ लाखांच्या आत असेल तर एकदाच ३,००० रुपये थेट आधारशी जोडलेल्या खात्यात. कमोड खुर्ची, वॉकर, व्हीलचेअर वगैरेसाठी. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, त्यात एलिम्को या सरकारी कंपनीची वस्तूच शिबिरात देतात. गाऱ्हाणं असेल तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा आणि अर्जाची पोच मागून घ्या. पोच नाही तर अर्ज नाही.

टपरीवर_भेटू

बोटाचे ठसे उमटत नाही म्हनून आमच्या बुढ्याचं केवायसी अटकलं व्हतं. खात्यात पैशे आले तं बुढा म्हन्ते मले चाकाची खुर्ची नको, रेडू घेऊन दे.

पांढरकवडा_लोकल

@टपरी 😂

खुर्चीवरून आठवलं, रॅम्प. एक फूट चढायला बारा फूट उतार लागतो. आमच्या ग्रामपंचायतीत दोन पायऱ्यांना तीन फुटाचा रॅम्प आहे, त्यावर फक्त बकऱ्या जातात.

तुरीच्या_शेंगा

पेरण्यांच्या धांदलीत इकडं येणं झालं नाही. काय काय केलं ते लिहिते.

ट्रस्टींनी तीन फोमच्या गाद्यांचे पैसे दिले, पाच मागितल्या होत्या. त्या काका, खुब्याच्या आजी आणि दुसऱ्या अर्धांगाच्या बाईंना. एअर बेड आम्ही ठेवून दिलाय, लाइनचा भरवसा नाही. तक्ता काढला नाही (सिस्टर, तुमचं ऐकलं), पण प्रत्येकाचा वेगळा केला. त्यात खुणेऐवजी "डावी, उजवी, पाठ" लिहायचं आणि शेजारी कातडी कशी ते. एका दमात भरता येत नाही असं नाही, पण खोटं लिहायला आता जास्त कष्ट पडतात.

वेळा मावशींनीच ठरवल्या. त्या म्हणाल्या, घड्याळ नका सांगू, मुक्कामी एसटी आली की पहिली कूस. ती साडेनऊच्या सुमारास येते, तेव्हा स्वयंपाकाच्या ताई असतात, त्यांना पंधरा मिनिटं थांबवून जड माणसं दोघी मिळून करतात. पहाटे तीच गाडी सुटते तेव्हा झाडझुडीची बाई आलेली असते, तेव्हा पुन्हा दोघी. मधल्या वेळात काकांची दर दोन तासांनी, मावशी एकट्या, गुडघ्याच्या रीतीनं. खुब्याच्या आजींना दोघी लागतात, म्हणून मध्यरात्री ट्रस्टचा चौकीदार येतो, नुसतं लुगड्याचं एक टोक धरायला. त्याला सुरुवातीला फार संकोच व्हायचा. त्यांना मधल्या वेळात एवढं एकदाच होतं.

आखडलेल्या आजींना मी विचारलं, तुम्हीच सांगा कधी हलवू. म्हणाल्या, "म्या राती पान्याले उठतोच, तवा काय ते करा." आता पाणी देताना टेकू बदलतो. शिव्या कमी झाल्यात, बंद नाही. बाबा सिल्कच्या पट्ट्यावर एका कुशीला स्वतः वळतात, दुसऱ्या कुशीला नाही.

काकांच्या टाचेवर एक काळपट डाग आहे.

रिटायर्ड_सिस्टर

डाग केवढा? दाबून मऊ लागतो की कडक? टाच पूर्ण अधांतरी ठेवा, चोवीस तास, मोजे काढून रोज दोनदा बघा. फोड आला किंवा कातडी सुटली तर ड्रेसिंग घरी करत बसू नका. साखर आहे, लवकर सर्जनला दाखवा. मधल्या वेळेबद्दल: काकांचं ठीक. खुब्याच्या आजींना साडेनऊ ते पहाटे एकच वळवणी मला कमीच वाटते, फोम असला तरी.

तुरीच्या_शेंगा

रुपयाएवढा, कडक. पोटरीखाली उशी कालपासून. आजींचं कळलं, पण माणूस नाही. दुसऱ्या मावशीचा पगार ट्रस्टच्या बैठकीत मांडलाय.

फिजिओ_वर्धा

तोवर आजींना पूर्ण न वळवता छोटे बदल करा. घडी केलेला टॉवेल एका बाजूच्या खांद्याखाली आणि ढुंगणाखाली सरकवायचा, पुढच्या फेरीला दुसऱ्या बाजूला. एकटीनं होतं, झोपही मोडत नाही. पूर्ण वळवणीची जागा तो घेत नाही, एवढं लक्षात ठेवा.

अंकगणित

बैठकीत मांडताना एका बेडसोरच्या ड्रेसिंगचा महिन्याचा खर्च आणि अर्धवेळ मावशीचा पगार शेजारी शेजारी लिहून न्या. ट्रस्टी आकडे वाचतात.

अकोल्याचा_उन्हाळा

ताई, फोमला कव्हर कसलं शिवलं? आमच्या गादीवाल्यानं जाड रेक्झिन लावलं, आता तेच मेणकापड झालंय.

तुरीच्या_शेंगा

वरून ताणलं जाणारं, पाणी न झिरपणारं पातळ कापड नागपूरहून मागवलं. जाड रेक्झिन ताठ असतं, फोम दबतच नाही. आणि शिवायला देताना चेन लांब बाजूला, तीही खालच्या कडेला लावायला सांगा, वर कापडाची झडप ठेवून. डोक्याकडे किंवा वरच्या कडेला लावली तर लघवी चेनमधून आत जाते.